कानात काय घालावं, किती वेळ, आणि कुठं घालू नये

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा या पट्ट्यात इअरप्लग ही नवलाईची वस्तू नाही. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणीत ड्रिलवर काम करणारा, वीज केंद्राच्या टर्बाइन हॉलमध्ये पाळी करणारा, सिमेंट कारखान्यात क्रशरजवळ उभा राहणारा, अशा कुणाच्या तरी घरी खुंटीवर हेल्मेटशेजारी दोरीनं जोडलेल्या पिवळ्या नाहीतर नारिंगी प्लगांची जोडी लटकलेली असतेच. बारावीचं, नीटचं किंवा पोलीस भरतीचं वर्ष आलं की घरातलं पोट्टं तीच जोडी कानात घालून अभ्यासाला बसतं. तासाभरात कान ठणकायला लागतो, जोडी पुन्हा खुंटीवर जाते आणि आपल्याला हे काही जमत नाही असं ठरून जातं.

ती जोडी ज्या कामासाठी बनवली आहे ते काम वेगळं आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयानं 1975 मध्येच परिपत्रक काढून खाणींसाठी आवाजाच्या मर्यादा घालून दिल्या: 85 डेसिबलला इशारा, 90 ला धोका, आणि 115 किंवा त्याहून जास्त आवाज असेल तिथं कानाला संरक्षण असल्याशिवाय पाऊलच टाकायचं नाही. असा आवाज रोज आठ तास, वर्षानुवर्षं ऐकला तर आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. खाणीतला प्लग ती हानी टाळण्यासाठी असतो. तो घालणारा माणूस उभा असतो, डबा खाताना प्लग काढतो, आणि कुशीवर वळून उशीवर डोकं तर नक्कीच ठेवत नाही. अभ्यास करणाऱ्याला त्रास देणारा आवाज बहुधा पन्नास-साठ डेसिबलचा. त्यानं ऐकू येणं कमी होत नाही, लक्ष मोडतं किंवा झोप मोडते. म्हणून इथं आवाज जास्तीत जास्त किती अडतो हा प्रश्न दुय्यम ठरतो. चार तास, सहा तास, रात्रभर कानात राहील आणि राहिल्याचं जाणवणार नाही, असा प्लग कोणता, हे आधी पाहायचं.

जंगलाचा जिल्हा म्हणजे शांत जिल्हा, असा चंद्रपूर-गडचिरोलीबद्दल बाहेरच्यांचा समज असतो. इथल्या माणसाला विचारा. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते आणि झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचं ठाणं. तिथून नाटक मंडळ्या निघतात आणि होळीपर्यंत आज या गावात, उद्या त्या गावात खेळ चालतो. खेळ रात्री सुरू होतो तो पहाटेपर्यंत. गाणी, संवाद, मध्येच एखाद्या देणगीदाराचं नाव, सगळं कर्ण्यावरून. नेमकी त्याच हंगामाच्या शेवटी बारावी आणि दहावीची परीक्षा येते. नाटक बंद करा असं इथं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणणार नाही. एकाच घरातले चार जण नाटकाला गेलेले आणि एक जण अभ्यासाला बसलेला, हे इथलं साधं चित्र आहे. आलापल्ली-आष्टी मार्गावरच्या घरांना सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आहेत. वसतिगृहात एका खोलीतले बाकीचे सोबती आहेत. पावसाळ्यात बांधीत पाणी साचलं की बेडूक रात्र रात्र थांबत नाहीत.

आणि उन्हाळ्यात कूलर. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर ही नावं मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत दिसतात, पारा 45 च्या पुढे जातो आणि नीटची परीक्षा मेमध्येच असते. आवाज नको तर खिडकी लावून घ्या, हा सल्ला एसीवाल्या घरात चालतो. कूलरच्या खोलीत तो चालत नाही, कारण कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून आत ढकलतो. ती हवा बाहेर पडायला दुसरीकडची खिडकी किंवा दार उघडं हवंच. बंद केलं तर अर्ध्या तासात खोली दमट आणि चिकट होते. थोडक्यात, आवाज ज्या वाटेनं येतो ती वाट इथं उन्हाळाभर उघडीच ठेवावी लागते. अडवायचा तर कानाच्या तोंडाशीच अडवायला हवा.

कोणता आवाज किती अडेल, हे त्या आवाजाच्या जातीवर अवलंबून आहे. प्लग उंच पट्टीचा आवाज चांगला अडवतो, खालच्या पट्टीचा कमी. भांड्यांचा खणखणाट, लहान मुलाचं रडणं, शिटी, बोलण्यातली स, श, च, त अशी व्यंजनं ही वरच्या पट्टीत येतात. ट्रकच्या इंजिनाची घरघर, कूलरच्या पंख्याची घूं, डीजेचा ठोका हे खालच्या पट्टीत. त्यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. बोलण्याचा अर्थ व्यंजनांमुळे लागतो. प्लगनं व्यंजनं पुसली की शेजारच्या दोघांचं बोलणं ऐकू येत राहतं पण कळत नाही, आणि न कळणाऱ्या बोलण्यानं लक्ष फारसं विचलित होत नाही. उरलीसुरली कुजबुज कूलरच्या संथ घुंईत बुडून जाते. कूलर आणि प्लग मिळून जे काम करतात ते एकट्या प्लगला जमत नाही, म्हणून अभ्यासाच्या वेळी कूलरच्या आवाजाशी फार भांडू नये. डीजेच्या ठोक्यावर मात्र कोणत्याच प्लगचा पूर्ण इलाज नाही. तो ठोका भिंतीतून, खाटेतून, थेट कवटीच्या हाडातूनही आत पोचतो. कान कितीही घट्ट बंद केला तरी हाडामार्गे येणारा आवाज उरतोच.

आता प्लग किती डेसिबल अडवतो हे सांगणारा पाकिटावरचा आकडा. अमेरिकी पद्धतीच्या पाकिटावर एनआरआर असतो, युरोपीय पद्धतीच्या पाकिटावर एसएनआर. बाजारात दोन्ही मिसळलेले मिळतात आणि गोंधळ तिथंच होतो. मोजण्याची रीत वेगळी असल्यामुळे एकाच प्लगला दोन आकडे लागतात; खाणी-कारखान्यांत सर्रास दिसणाऱ्या थ्रीएम 1100 या नारिंगी प्लगचा एनआरआर 29 आहे आणि एसएनआर 37. 37 वाला 33 वाल्यापेक्षा जबर असं समजून पैसे देऊ नका. आधी आकड्यामागची अक्षरं वाचा. दुसरं म्हणजे हे आकडे प्रयोगशाळेतले. एनआरआर मोजताना माहीतगार माणूस दुसऱ्याच्या कानात प्लग नीट बसवून देतो. घरी, झोपेच्या तारेत, आपल्याच हातानं बसवलेला प्लग तितकं काम करत नाही. अमेरिकेत कारखान्यांसाठी एक ढोबळ हिशोब वापरतात: छापील आकड्यातून 7 वजा करायचे आणि राहिलेल्याचा निम्मा धरायचा. 33 चा प्लग असेल तर भरवशाचे 13. नीट बसवला तर यापेक्षा बरंच जास्त मिळतं, पण अपेक्षा या टोकापासून सुरू करावी.

तेरा ऐकायला कमी वाटतात. पण डेसिबलचं मोजमाप सरळ बेरजेचं नाही. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना तर झोपण्याच्या खोलीत आवाज 30 च्या आसपास असावा म्हणते. समजा कर्ण्याचा आवाज तुमच्या खोलीत 55 ने येतो आहे. प्लगनं पंधरा गेले तर 40 उरले. हे तीस नव्हेत, पण 55 आणि 40 मध्ये वहीत डोकं घालणं आणि वही मिटणं एवढं अंतर आहे. म्हणून अभ्यासासाठी सर्वांत मोठ्या आकड्याच्या मागे लागायचं कारण नाही. मोठा आकडा बहुधा जाड, ताठ, कानाला आतून जोरात रेटणाऱ्या प्लगचा असतो. मध्यम आकड्याचा मऊ प्लग रात्रभर टिकतो, आणि कानात टिकलेला प्लगच उपयोगाचा.

कानाची नळी सरळ असती तर हे सगळं सोपं असतं. मोठ्या माणसात ती साधारण अडीच सेंटीमीटर लांब आणि सात-आठ मिलिमीटर रुंद असते, आणि आत जाताना थोडी वळते. बाहेरचा भाग कूर्चेचा, जरा दबणारा. आतला भाग हाडाचा, त्यावरची त्वचा अगदी पातळ, दाब सहन न करणारी. बायकांच्या आणि किशोरवयीन मुलांच्या नळ्या बहुधा अरुंद असतात. एकाच माणसाचा डावा आणि उजवा कानही सारखा असेलच असं नाही. वडलांच्या पाळीचा प्लग मुलीच्या कानात दुखतो त्यामागे एवढं साधं कारण असू शकतं. लहान मापाचे आणि कमी दाबाचे फोम प्लग वेगळे मिळतात, तेच मागावेत.

फोम प्लग दुखण्याचं दुसरं कारण उलटं आहे: तो पुरेसा आत गेलेला नसतो. अर्धवट घातलेला फोम नळीच्या तोंडाशी फुगतो, तिथल्या कडेला रेटतो आणि आवाजही आत सोडतो. दुखणं आणि गळती दोन्ही पदरात. बसवण्याची रीत अशी. हात धुवायचे. प्लग अंगठा आणि दोन बोटांत धरून हलक्या हातानं वळत बारीक, सुरकुती नसलेली कांडी करायची. नुसता चिमटीत दाबून चपटा केलेला फोम घडी पडून बसतो आणि त्या घडीतून आवाज शिरतो. मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची. असं केलं की नळीतलं वळण बरंचसं सरळ होतं. पाळी ओढलेली असतानाच कांडी आत सरकवायची आणि बोटाचं टोक तिच्यावर वीस-तीस सेकंद ठेवायचं, म्हणजे फोम फुगताना बाहेर येत नाही. बसला की नाही हे पाहायला दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा. तळवे लावल्यावर आवाज आणखी बराच कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही. फारसा फरक पडला नाही तर बसला.

विदर्भासाठी एक गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते. हा फोम हळू फुगणारा आहे आणि त्याचं फुगणं तापमानावर ठरतं. थंडीत तो ताठ होतो आणि सावकाश उघडतो, उन्हात मऊ होतो आणि झटकन उघडतो. जानेवारीत गडचिरोलीच्या पहाटे कांडी करून निवांत कानापर्यंत नेता येते. मेच्या दुपारी ती बोटांतच फुगायला लागते. मेमध्ये कांडी जास्त बारीक आणि जास्त घट्ट करा, पाळी आधीच ओढून तयार ठेवा आणि वेळ न घालवता घाला. हात घामेजलेले असतील तर आधी पुसा. कूलरसमोर पाच मिनिटं ठेवलेला प्लग पत्र्याखाली तापलेल्या प्लगपेक्षा शहाण्यासारखा वागतो.

फोम हा एक प्रकार झाला. त्याचा पिवळा दंडगोल 1972 मध्ये अमेरिकेत नॅशनल रिसर्च कॉर्पोरेशननं बाजारात आणला. त्याआधी बराच काळ मेणाचं राज्य होतं. होमरच्या महाकाव्यात ओडिसियस आपल्या नावाड्यांच्या कानात मेण भरतो. बर्लिनचा औषधविक्रेता माक्स नेगव्हर यानं 1907 मध्ये मेण आणि कापूस मिसळून गोळ्या बनवल्या आणि त्या ओह्रोपॅक्स या नावानं विकायला काढल्या. शेजाऱ्यांच्या आवाजानं वैतागलेला लेखक फ्रान्झ काफ्का त्यांचा गिऱ्हाईक होता. मेणाच्या गोळ्या हातात मऊ करून कानाच्या तोंडावर थापायच्या, आत खुपसायच्या नाहीत. त्यांचाच आजचा भाऊ म्हणजे मऊ सिलिकॉनची गोळी. ती नळीत शिरत नाही, नुसती दारावर झाकणासारखी बसते, म्हणून ज्यांना आत काही घातलेलं सोसत नाही आणि जे कुशीवर झोपतात, त्यांना ती बरी पडते. तिच्यात केस आणि धूळ चिकटते, त्यामुळे चार-पाच वेळांत टाकावी लागते, आणि मेच्या उकाड्यात मेणाची गोळी जास्तच मऊ पडून चिकटते. लहान मुलांपासून या गोळ्या दूर ठेवा, गिळतात.

तिसरा प्रकार तीन छत्र्या एकावर एक लावल्यासारखा दिसणारा रबरी किंवा सिलिकॉनचा. कांडी करायची नाही, नुसता सरकवायचा, साबणाच्या पाण्यानं धुवायचा, महिनोन्‌महिने वापरायचा. अभ्यासिकेत तासाला दोनदा उठावं लागतं, कुणी हाक मारतं, प्लग काढ-घाल करावी लागते, तिथं मी हाच सुचवीन. झोपताना मात्र त्याचा दांडा उशीला लागतो आणि आत टोचतो. कुशीवर झोपणाऱ्यानं आखूड फोम घ्यावा, किंवा लांब फोमचं बाहेर राहणारं टोक कात्रीनं थोडं कापावं. काढताना चिमटीत येईल एवढं बाहेर राहिलं पाहिजे. कापलेला प्लग झोपेसाठी ठीक. खाणीत तो वापरू नये. छत्रीवाला आणि फोमवाला, दोन्ही काढताना हळू पिळत बाहेर घ्या. हवाबंद बसलेला प्लग झटक्यानं ओढला तर आतल्या पोकळीत ओढ बसून पडद्याला इजा होऊ शकते.

कापूस म्हणाल तर तो सगळ्यांच्या घरात असतो आणि कानात घालून फारसं काही साधत नाही. आवाज जेमतेम कमी होतो आणि तंतू आत राहतात.

पाठांतर मोठ्यानं करणाऱ्यांची एक वेगळी अडचण आहे. कान बंद केला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. चावणं, गिळणं, श्वास, कधी कधी नाडीसुद्धा मोठी ऐकू येते. बोलताना हाडातून नळीत उतरणारा आवाज एरवी बाहेर निघून जातो, प्लगमुळे तो आतच कोंडतो. प्लग जरा खोल बसवला तर हे घुमणं कमी होतं, उथळ बसवला तर वाढतं. तरीही ज्याचा अभ्यास मोठ्यानं वाचण्यावर चालतो त्यानं वाचताना एक कान मोकळा ठेवावा किंवा प्लग फक्त लिहिताना आणि गणितं सोडवताना वापरावा. पहिल्या एक-दोन रात्री श्वासाच्या आवाजानं झोप लागत नाही अशी तक्रार येते. बहुतेकांना मग सवय होते.

स्वच्छतेचा भाग पावसाळ्यात गंभीर होतो. ओलसर, कोंदट कानात बुरशी सहज धरते, खाज सुटते, पाणी येतं. डोक्यावरून आंघोळ केल्यावर कान पूर्ण वाळल्याशिवाय प्लग घालू नका. कानात तेल सोडण्याची जुनी सवय असेल तर प्लग वापरताना ती सोडाच. तेलकट नळीत फोम निसटतो, आणि ओल व मळ आतच अडकतो. कानातला मळ हळूहळू आपोआप बाहेर येत असतो. रोजचा प्लग त्याला मागे ढकलतो. त्यामुळे दिवसातून काही तास कान मोकळे राहू द्या, आणि काडी किंवा हेअरपिन घालून मळ कोरू नका. फोम मळला, ताठ झाला किंवा नीट फुगेनासा झाला की टाकून द्या. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, सर्दीनं कानाला दडे बसून तो दुखत असेल तर प्लग घालू नका. कानात शिटी वाजणं, ऐकू कमी येणं, दुखणं राहिलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

इथवरचं कोणत्याही जिल्ह्याला लागू पडेल. यापुढचं इथल्यासाठी. काही आवाज ऐकू आलेच पाहिजेत. ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, आणि तेव्हापासून हत्ती गावालगत आले की लोक ओरडून, डबे बडवून एकमेकांना जागं करतात. धान किंवा मोह घरात साठवलेलं असलं की धोका थेट घरापर्यंत येतो. अशा गावात, अशा दिवसांत दोन्ही कान बंद करून झोपू नये. घरातला निदान एक माणूस मोकळ्या कानानं झोपलेला असावा आणि कुणी प्लग घातलाय हे त्याला माहीत असावं. शेतात जागलीला जाताना, एप्रिलच्या पहाटे मोह वेचायला जाताना, वाघाच्या वाटेवरून चालताना कानात काहीही नको, इअरफोनही नको. हे जंगलातल्या गावांपुरतंही नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात पाळी संपवून घरी निघालेल्या कामगाराचा वाघाच्या हल्ल्यात जीव गेला. पहाटे भरतीसाठी धावायला जाणाऱ्या मुलांनी अभ्यासाचे प्लग खोलीतच ठेवून जावं.

गजर चुकेल ही भीती खरी असते, पण त्यावर उपाय सोपा आहे. मोबाइल कंपनावर ठेवून उशीच्या खोळीत घाला. कंप हाडातून पोचतो. आधी सुट्टीच्या दिवशी दुपारी झोपून पाहा, जाग आली तरच परीक्षेच्या पहाटे त्यावर विसंबा. परीक्षेच्या खोलीत प्लग चालतीलच असं धरून चालू नका. शेवटच्या पंधरवड्यात सरावाच्या काही प्रश्नपत्रिका मुद्दाम मोकळ्या कानानं, दार उघडं ठेवून सोडवा. पहिल्यांदा विकत घेताना दहा-वीस जोड्यांचं पाकीट घेऊ नका. एक लहान मापाचा मऊ फोम, एक छत्रीवाला आणि सिलिकॉनच्या गोळ्या, प्रत्येकाची एकेक जोडी घ्या. आठवडाभर आलटून पालटून वापरा, आणि ज्याची आठवण काढायच्या वेळेपर्यंत होत नाही त्याचंच मोठं पाकीट आणा.